दुसऱ्या पाळीची झोप

धान कापायला लागले की आमच्याकडची हवाच बदलते. सकाळच्या गाडीत बायांच्या पदराला चिकटून आलेली कुसळं सीटभर होतात, खिडकीची काच धुक्याने पांढरी होते, आणि दुपारी ऊन इतकं गोड लागतं की हातातलं काम घेऊन माणूस अंगणात येऊन बसतं. चिखल्याच्या खाण कॉलनीत धान पिकत नाही. इथे जमिनीखालून मॅंगनीज निघतं आणि त्याची काळी धूळ सगळ्यावर बसते, वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा. पण कॉलनीतल्या निम्म्या बाया शेतकऱ्यांच्या पोरी आहेत. कुणाचा ना कुणाचा भाऊ नव्या तांदळाचं चुंगडं आणून टाकतो, आणि संध्याकाळी भाताच्या वासावरून क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीला कळतं की आज कुणाकडे माहेरचं माणूस आलंय.

याच दिवसांत परवा शेजारची पल्लवी माझ्याकडे आली. तिचा नवरा खाणीत नवा लागलाय, मुलगा चार वर्षांचा. रोज झोपायच्या वेळी त्या घरात महाभारत घडतं, हे भिंतीला कान न लावताही मला ऐकू येतं. आधी मोबाइल द्यायचा, मग काढून घ्यायचा, मग बोंब, मग पुन्हा मोबाइल. पल्लवीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ओसरीवर बसत म्हणाली, "काकू, लाइनीतल्या बाया सांगत होत्या, तुमची मितू लहानपणी बिलकुल तरास देत नवती म्हणे. डोळे मिट म्हटलं का मिटत होती. काय करत होत्या तुमी? मले बी सांगा न."

माझ्या हातातलं पाखडायचं सूप तसंच राहिलं. "काही नाही वो, पोरंपोरं वेगळी असतात," असं काहीतरी बोलून मी तिला चहा दिला आणि विषय तिच्या सासूवर नेला. पण ती गेल्यावर मला काही सुचेना. इतकी वर्षं झाली. मितू आता नागपूरला नर्सिंगला आहे, फोनवर मलाच झोपेचे सल्ले देते. आणि कॉलनीत माझं नाव अजून त्या एका गोष्टीसाठी घेतलं जातं. हिची पोरगी कशी गपकन झोपायची! मला पुन्हा तसाच धक्का बसला, अगदी तेव्हासारखा.

माझं माहेर पवनी तालुक्यातलं कोंढा. तिथे मूल झोपवणं हे एक वेगळं काम असतं हे मला माहीतच नव्हतं. कापणीच्या दिवसांत संध्याकाळी खळ्यावर धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचलेलं असे, शेजारी तणसाचा ढीग, मोठी माणसं शेकोटीभोवती बोलत बसलेली. आम्ही पोरं तणसात उड्या मारत असू, आणि उडी मारता मारता कोण कुठे निजलं ते कुणाला कळत नसे. नंतर कुणीतरी उचलून घरी न्यायचं. एकदा माझ्या काकांनी आमच्याऐवजी शेजाऱ्यांचा पोरगा आणून आमच्या वाकळीत घातला होता, सकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. केसांत कुसळं, नाकात धूर आणि कानात मोठ्यांची चाललेली बडबड, एवढ्यावर आमची झोप होत होती. कुणी आम्हाला 'झोप' असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

लग्न करून मी क्वार्टरमध्ये आले आणि घड्याळापेक्षा खाणीच्या भोंग्यावर जगायला शिकले. पाळी सुरू झाली की भोंगा, संपली की भोंगा. कुकर त्यावर लावायचा, दार त्यावर उघडायचं. मितूच्या बाबांना तेव्हा रात्रपाळी नव्हती. एक आठवडा पहिली पाळी, म्हणजे पहाटे जाऊन दुपारी परत. एक आठवडा दुसरी, म्हणजे दुपारी जाऊन रात्री. आणि मितू चार वर्षांची होती, घरभर वारं प्यायलेल्या वासरासारखी. अंथरूण घातलं की तिला पाणी हवं असायचं. पाणी प्यायली की शू. शू झाली की पाय दुखायचे. पाय चेपले की गोष्ट, गोष्ट संपली की दुसरी, आणि दुसरी गोष्ट पहिलीसारखी का नाही यावर भांडण. मी हात उगारायची, ती भोकाड पसरायची, मग माझंच मन खायचं. त्यात बाबा घरी नसलेल्या आठवड्यात हे सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात.

पलीकडच्या क्वार्टरमध्ये मेश्रामवहिनी राहायच्या. आज पल्लवी त्यांना आजी म्हणते, तेव्हा त्या वहिनी होत्या. कॉलनीतलं त्यांना काय माहीत नव्हतं? एका संध्याकाळी माझा आरडाओरडा ऐकून त्या आल्या, मितूच्या उशाशी बसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "तू डोळे मिट बाई, तिकडे बाबाची केज वर चढते."

केज म्हणजे तो लोखंडी पिंजरा, माणसांना खाणीत उतरवणारा आणि वर आणणारा. कॉलनीतल्या पोरांना आगगाडीच्या आधी केज कळते. मितू गप्प झाली. वहिनींनी पुन्हा तेच म्हटलं, लयीत, थोपटत. "तू डोळे मिट, तिकडे बाबाची केज वर चढते." तिने डोळे मिटले. मी दारात उभी राहून बघतच राहिले.

"असंच म्हणत जाय तिले," वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या. "आपल्या लाइनीत सगळ्याच बाया म्हणते. माह्या पोट्ट्याले मी असंच निजवलं."

खरंच सगळ्या म्हणत होत्या. मी नवखी, मला कळलं नव्हतं एवढंच. नंतर संध्याकाळी विहारातून वंदना करून परत येताना मी कान दिला, तर एका घरातून तेच, पुढच्या घरातून तेच. किती सुंदर वाक्य आहे, असं मला वाटलं. धाक नाही, बागुलबुवा नाही, मार नाही. लेकरू डोळे मिटतंय आणि बाप वर येतोय. दुसरीकडची पोरं चांदोबावर झोपतात, आमची केजवर, असं मी माझ्या बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं.

आणि मितू झोपायला लागली. अगदी शहाण्यासारखी. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात जेवण झालं की स्वतः वाकळ ओढायची, भिंतीकडे तोंड करायची, डोळे घट्ट. ना पाणी ना शू. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी अंगणवाडीतून आली की न सांगता आडवी, बाबा येईपर्यंत. मी एकदम सुगरण आई झाले. शेजारणींना सल्ले द्यायला लागले. मितूचे बाबा रात्री येऊन तिच्याकडे बघत आणि कौतुकाने म्हणत, "काय शहानी पोट्टी आहे माही!"

एकच गोष्ट जुळत नव्हती. बाबा रात्री घरी असले की ती जुनी मितू व्हायची. पाणी, शू, गोष्ट, लाथा, सगळं. मी नवऱ्यावर चिडायची. "तुम्ही लाडावून ठेवली. तुम्ही नसता तेव्हा बघा कशी झोपते." ते बिचारे ओशाळून हसायचे. बाप घरात असला की लेक शेफारते, इतकं सोपं उत्तर हाताशी असताना मी दुसरं कशाला शोधणार? अंगणवाडीच्या ताईंनीही एकदा मला थांबवून सांगितलं होतं, "मितू खिचडी खाता खाता डुलक्या घेऊन राहिली, घरी झोप होते न?" मी ठसक्यात म्हटलं, "घरी तर आमची मितू सगळ्यांच्या आधी झोपते."

तो दिवस असाच कापणीच्या दिवसांतला. कोंढ्याहून भाऊ तांदूळ देऊन गेला होता. दुसऱ्या पाळीचा आठवडा. जेवणं लवकर आटोपली, मितू तिच्या ठरलेल्या जागी भिंतीकडे तोंड करून पडली. मी भांडी घासली, उद्याची भाजी निवडली, थंडी वाढली म्हणून दुसरी वाकळ घ्यायला आत आले. तिच्या अंगावर घालताना हात तिच्या मुठीला लागला. मूठ दगडासारखी आवळलेली होती. मी वाकून पाहिलं. पापण्या इतक्या दाबलेल्या की कपाळावर आठ्या, आणि कडेने पाणी येऊन उशी ओली. अशी झोप कुणी झोपत नाही.

"मितू? काय झालं माय? डोळे उघड बरं."

तिने नुसती मान हलवली. नाही.

"दुखतंय का काही? उघड न."

"नाई." ओठ जेमतेम हलवत, श्वास रोखून ती म्हणाली, "मी उघडले तर बाबाची केज नाई येत वर."

आधी मला अर्थच लागला नाही. मग लागला. मी तिला जवळ ओढलं, तर तिने डोळ्यांवर दोन्ही हात घट्ट धरले, चुकून उघडू नयेत म्हणून. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं असं?" ती म्हणाली, "तूच तं म्हणते रोज."

आणि मग हळूहळू, डोळे मिटलेल्या अवस्थेतच, तिने सगळं सांगितलं. एकदा तिला तहान लागली होती. मी स्वयंपाकघरात होते. तिने डोळे उघडले, उठून पाणी प्यायली, खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा झोपली. त्या रात्री बाबा आले नाहीत. सकाळी आले. मला ती रात्र आठवली. त्यांच्या जागी यायचा होता तो माणूस आला नाही म्हणून त्यांना दुसऱ्या पाळीला जोडून पुढचीही करावी लागली होती. खाणीत हे होतच असतं, निरोपही आला होता. मी तिला काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण तिने आपला हिशोब घातला होता. "मी पाणी प्याली न, म्हणून ते खालीच राह्यले."

तेव्हापासून ती झोपत नव्हती. रोज भोंगा होईपर्यंत, मग बाबांच्या पावलांचा आवाज येईपर्यंत, मग दाराची कडी वाजेपर्यंत ती डोळे मिटून जागी पडून राहत होती. खाज आली तरी हलत नव्हती. आणि मी बाहेर बसून शेजारणींना सांगत होते की मूल कसं झोपवावं. बाबा घरी असले की ती मस्ती करायची, कारण तेवढेच दिवस तिला सुट्टी होती. चार वर्षांचं माझं लेकरू, आणि तिच्या पापण्यांवर मी एक माणूस टांगून ठेवला होता.

ते आले तेव्हा मी त्यांना दारातच सांगितलं. हातातला डबा खाली न ठेवता ते ऐकत राहिले. आत जाऊन तिच्याकडे पाहिलं, कडीचा आवाज ऐकल्याबरोबर ती खरोखरची झोपली होती. बाहेर येऊन पाट ओढला, ताटाकडे पाहिलं आणि जेवलेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मी डुटीवर असलो का थे बी डुटीवरच. मी तं तिले शहानी म्हणून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी मेश्रामवहिनींना गाठलं. त्या आधी हसल्या. "पोरंच होय, काई बी धरून बसते," म्हणाल्या. त्यांचा मोठा मुलगा तेव्हा तुमसरला दुकानात कामाला होता, सुट्टीचा म्हणून घरी आलेला, ओसरीवर बशीत चहा ओतत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "आई, मी तं सातवीपर्यंत भोंगा झाल्याबिगर झोपत नवतो."

वहिनींचं हसू तिथेच थांबलं. "काहून सांगतलं नाई मंग?"

"सांगतलं असतं तं डोळे उघडा लागले असते न," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

बाहेर लाइनीत पोरं खेळत होती, कुणी टायर पळवत होतं, कुणी धुळीत रेघा ओढत होतं. मला प्रत्येकाच्या डोळ्यांकडे बघायची भीती वाटली. यांतली किती जण? विचारायचं तरी कोणाकोणाला? वहिनी पदराने तोंड पुसत आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

मी मितूला समजावलं. तसं काही नसतं, ते नुसतं म्हणायचं असतं, केज तर यंत्रावर चालते. तिने नीट ऐकून घेतलं आणि संध्याकाळी पुन्हा भिंतीकडे तोंड करून डोळे आवळले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आईचं ऐकून डोळे उघडायचे, आणि आई चुकली असली तर? एवढा जुगार कोण खेळेल? रोज संध्याकाळी तिचा आवळलेला चेहरा बघणं मला जड व्हायला लागलं. पोरगी वाळत चालली होती. शब्दाने बांधलेलं शब्दाने सुटेना.

शेवटी तिच्या बाबांनीच ठरवलं. पहिल्या पाळीचा आठवडा लागला तेव्हा आदल्या संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन म्हणाले, "उद्या दुपारी निजू नको. आईसंगं गेटवर ये. डोळे उघडे ठेव आन पाह्य, मी येतो का नाई." मितूचा चेहरा पांढरा पडला. "आन नाई आले तं?" ते म्हणाले, "येतो न." ती म्हणाली, "पण नाई आले तं?" त्यांनी तिला छातीशी धरलं.

दुपारी मी तिला घेऊन गेटवर गेले. स्वच्छ ऊन होतं. रस्त्यापलीकडच्या शेताच्या बांधीत धान कापून आडवं पडलं होतं, त्याचा वास येत होता. मितू माझं बोट धरून उभी होती, डोळे इतके ताणून की पापणी लवेना, पाणी वाहून गालावरच्या काळ्या धुळीत ओघळ उमटले. आणि भोंगा झाला. त्या क्षणी मला काय वाटलं असेल? मला वाटलं, पटकन हात ठेवून तिचे डोळे झाकावेत. खरंच हात उचलला गेला होता. यंत्रावर चालते म्हणून सांगणारी मी, आणि माझ्या काळजात लख्ख भीती, की पोरगी बघतेय आणि आज नेमकी केज अडली तर. मी माझा हात माझ्याच दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

माणसं यायला लागली. काळी तोंडं, डोक्यावर टोपी, हातात डबे. एकेक जण ओळखीचं हसून गेला. ते त्यांत नव्हते. आणखी काही जण आले, ते नव्हते. मितू गेटकडे बघतच होती. मग सगळ्यांच्या मागून, टोपीवरची खाणीतली बत्ती जमा करून ते आले, रमतगमत, कुणाशी तरी बोलत.

मला वाटलं ती धावेल. ती हलली नाही. ते जवळ येऊन खाली बसले, म्हणाले, "पाह्य, आलो का नाई?" तिने त्यांच्या गालाला बोट लावून पाहिलं. मग विचारलं, "मी डोळे मिटले नवते. मंग तुमाले वर कोणं आणलं?"

तिच्या डोळ्यांवरचं ओझं आम्ही काढून घेतलं होतं, पण ते ठेवायचं कुठे, हे तिला कळायला हवं होतं. तिच्या बाबांनी मागे वळून पाहिलं आणि हाक मारली, "उके काका, जरा या बरं." उके काका केज वर-खाली करणाऱ्या यंत्रावर बसायचे. जाड भिंगाचा चष्मा, सदा पानाने रंगलेलं तोंड, कॉलनीतल्या प्रत्येक पोराची थट्टा करणारा माणूस. पाळी संपवून तेही घरी निघाले होते. "हे काका आणते," बाबा म्हणाले. "रोज. सगळ्याइले."

मितूने काकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या चष्म्याजवळ तोंड नेऊन विचारलं, "काका, तुमी तिथं झोपत तं नाई न?"

काकांच्या ओठांवर आलेली थट्टा तिथेच राहिली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमचे चेहरे पाहिले. पान थुंकून आले, तिच्यासमोर उकिडवे बसले, चष्मा काढून हातात धरला.

"नाई बेटा. तिथं बसलो का मी डोळा लवू देत नाई. तुह्या बाबासाठी मी जागा आहो. तू झोपत जाय."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने त्यांच्या डोळ्यांत पुष्कळ वेळ पाहिलं. पोलीस काय बघतील असं. मग वळून बाबांच्या गळ्यात हात टाकले आणि क्वार्टरचं वळण यायच्या आत त्यांच्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं, भर उन्हात, बाजूने ट्रक जात असताना. बाबांचा चेहरा धुळीने काळा होता म्हणून ते रडत होते हे मला उशिरा कळलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी लागली. जेवण झालं, अंथरूण घातलं. मी थोपटायला बसले आणि काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून गप्पच बसले. मितूने वाकळ लाथेने उडवली. तिला पाणी हवं होतं. मग शू आली. मग पाय दुखायला लागले. मग गोष्ट, आणि गोष्टीतला कोल्हा कालच्यासारखा का बोलत नाही यावर तिने असा काही दंगा घातला की मेश्रामवहिनींनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काही नाही वहिनी, झोपत नाहीये." हसू येत होतं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. कोल्ह्याला शिव्या देता देता, अर्ध्या वाक्यात ती झोपली, एक पाय माझ्या पोटावर. भोंगा झाला तेव्हा ती हललीसुद्धा नाही. दाराकडे कान लावून जागी मी बसले होते, डोळे उघडे ठेवून.